गास्पारोव, अनुवादाची मोजदाद आणि ४५ मिनिटांचं व्याख्यान : मदत हवी

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

नमस्कार मंडळी,

वाचनालयाच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात रशियन छंद-अभ्यासक आणि अनुवादक मिखाईल लिओनोविच गास्पारोव यांच्यावर बोलायचं आहे. वेळ ४५ मिनिटं. श्रोते वीस-पंचवीस, सगळे मुरलेले मराठी वाचक, त्यांतले चार-पाच जण स्वतः अनुवाद करणारे. रशियन कुणालाच येत नाही. प्रोजेक्टर नाही, फळा आणि खडू आहे.

अडचणी अशा :

१. चरित्र किती सांगावं? तारखांची जंत्री लावली तर पहिल्या दहा मिनिटांत माणसं घड्याळ बघतील. शिवाय शोधताना बोरिस गास्पारोव असंही नाव सारखं येतं. हे भाऊ की काय?

२. अनुवाद मुळाला किती धरून आहे हे आकड्यांत मांडायची त्यांची पद्धत होती असं वाचलं. ती मराठीवर, फळ्यावर, दहा-पंधरा मिनिटांत करून दाखवता येईल का? नेमक्या पायऱ्या हव्यात.

३. त्यांचं छंदांवरचं काम आघातांवर, म्हणजे उच्चारताना शब्दातल्या एका अक्षरावर पडणाऱ्या जोरावर, उभं आहे. आपल्या वृत्तांत आघात मोजत नाहीत. मग ते समजवायचं कसं?

४. कोकणातल्या श्रोत्याला आपलं वाटेल असं काही यात आहे का, की ओढूनताणून आणू नये?

---

तांबडा_सडा (रत्नागिरी)

पहिल्या आणि चौथ्या प्रश्नापुरतं लिहितो.

आधी घोटाळा मिटवू. बोरिस गास्पारोव वेगळे. जन्म १९४०, भाषाशास्त्रज्ञ, पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक. दोघांचंही नाव तार्तू-मॉस्को या चिन्हशास्त्रीय अभ्यासकांच्या संप्रदायाशी जोडलं जातं, म्हणून संदर्भांत गल्लत होते. भाऊबिऊ नव्हेत. टिपणं काढताना नावाचं पहिलं अक्षर बघितल्याशिवाय काहीही उतरवून घेऊ नका.

मिखाईल गास्पारोव यांचं आयुष्य बाहेरून पाहिलं तर सपाट आहे आणि ते तसंच सांगावं. जन्म मॉस्कोत, १३ एप्रिल १९३५. मॉस्को विद्यापीठातून ग्रीक-लॅटिन घेऊन १९५७ साली पदवी. त्याच वर्षी गोर्की जागतिक साहित्य संस्थेत रुजू, तिथे प्राचीन साहित्याच्या विभागात तेहतीस वर्षं, पुढे त्या विभागाचे प्रमुख. १९९० पासून रशियन भाषा संस्थेत. १९९२ साली विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्य. मृत्यू मॉस्कोतच, ७ नोव्हेंबर २००५. एवढं दोन मिनिटांत होतं. त्यापेक्षा जास्त वेळ चरित्राला देऊ नका.

खरी गंमत आत आहे. या माणसाच्या टेबलावर कायम दोन कामं असत. एक नोकरीचं : ग्रीक-लॅटिन ग्रंथांचे अनुवाद, प्रस्तावना, टीपा. दुसरं रशियन पद्याची मोजणी, म्हणजे हजारो ओळी घेऊन कुठल्या अक्षरावर आघात पडतो, कुठे गळतो, याचे तक्ते. ही मोजणी त्यांनी शोधलेली नाही. कवी आंद्रेई बेली यांनी १९१० साली ती सुरू केली, मग तोमाशेव्स्की आले. १९५३ साली बेलग्रेडहून तारानोव्स्की यांचा रशियन छंदांवरचा सर्बियन ग्रंथ निघाला. मधल्या काळात सोव्हिएत देशात 'रूपवाद' (आशय सोडून रचनेकडेच बघणं) ही शिवीच होती, त्यामुळे असल्या अभ्यासाला वाव नव्हता. १९६० च्या दशकात कोल्मोगोरोव यांच्यासारखा थोर गणितज्ञ पद्याच्या संख्याशास्त्रात उतरला आणि विषयाला पुन्हा बस्तान मिळालं. गास्पारोव त्या लाटेतले. त्यांची त्रयी : आधुनिक रशियन पद्यावर १९७४, रशियन पद्याच्या इतिहासावर १९८४, युरोपीय पद्याच्या इतिहासावर १९८९. शेवटच्याचा इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्डने १९९६ साली काढला. रशियन न येणाऱ्याने तिथूनच शिरावं.

अनुवादांपैकी फळ्यावर एवढेच लिहा :

फीड्रस व बाब्रिअस यांच्या बोधकथा, १९६२
सुएटोनिअसचं बारा सीझरांचं चरित्र, १९६४
इसाप, १९६८
वागांतांची (म्हणजे मध्ययुगातल्या भटक्या विद्यार्थी-कवींची) गाणी, १९७५
ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र, १९७८
पिंडार, १९८०
आरिओस्तोचं 'ओर्लान्दो फुरिओसो', १९९३

वागांतांच्या बाबतीत एक खड्डा आहे. सत्तरच्या दशकात रशियात जे वागांतांचं गाणं घरोघरी गाजलं त्याचे शब्द लेव गिन्झबुर्ग यांच्या अनुवादाचे. गास्पारोव यांच्या नावावर ते खपवू नका.

आता चौथा प्रश्न. ओढूनताणून काही आणायला नको, धागा आयता आहे. वरच्या यादीतले इसाप, सुएटोनिअस, वागांत, पिंडार, आरिओस्तो हे सगळे 'साहित्यस्मारकं' या अर्थाच्या नावाच्या एकाच रशियन मालेत निघाले. मूळ पाठाचा अनुवाद, विस्तृत लेख, टीपा, असा त्या मालेचा साचा. ही माला १९४८ साली सुरू झाली आणि तिचं पहिलं पुस्तक होतं अफानासी निकितीनचं तीन समुद्रांपलीकडच्या प्रवासाचं वर्णन. तोच निकितीन, जो पंधराव्या शतकात चौलला उतरला, वर घाट चढून बिदरपर्यंत गेला आणि परतताना दाभोळहून जहाजात बसला. चिपळुणात बोलताय, म्हणजे दाभोळ तुमच्याच खाडीच्या तोंडाशी. सुरुवात तिथून करा, दीड मिनिटात मालेवर या, मालेवरून गास्पारोववर.

---

मोजपट्टी (मालवण)

दुसरा प्रश्न माझा.

या विषयावरच्या त्यांच्या लेखाचं नाव मराठीत 'शब्दशः खर्डा आणि अचूकतेचं माप' असं होईल. रशियात परभाषेतली कविता अनुवादताना भाषा जाणणारा माणूस आधी ओळीखाली ओळ असा खर्डा करून द्यायचा आणि कवी त्यावरून पद्य रचायचा. ब्र्यूसोव यांनी १९१६ साली काढलेला आर्मेनियन कवितेचा मोठा संग्रह असाच झाला. खर्डा आणि पद्य दोन्ही हाताशी असले की कवीने काय ठेवलं, काय टाकलं, काय पदरचं घातलं हे शब्दागणिक तपासता येतं. गास्पारोव यांनी नेमकं तेच केलं.

पायऱ्या :

१. मुळाचा शब्दशः खर्डा करा. सुंदर करायचा नाही, मुद्दाम ओबडधोबड ठेवायचा.
२. खर्ड्यातले फक्त भरीव शब्द मोजा : नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण. सर्वनामं, शब्दयोगी, उभयान्वयी, 'च', 'ही', 'तर', नकार, हे सोडा.
३. प्रत्येक शब्दासमोर खूण करा : (अ) तसाच राहिला, (आ) समानार्थी किंवा जवळच्या शब्दाने बदलला, (इ) गळला.
४. अनुवादातले भरीव शब्द मोजा आणि खर्ड्यात ज्यांना आधारच नाही ते वेगळे काढा : (ई) भर.
५. अचूकतेचा आकडा = (अ) भागिले खर्ड्याचे एकूण भरीव शब्द. मोकळीकीचा आकडा = (ई) भागिले अनुवादाचे एकूण भरीव शब्द. दोन्ही टक्क्यांत.

भाजक वेगळे आहेत, इथे निम्मे लोक चुकतात. पहिल्याला खर्डा भागतो, दुसऱ्याला अनुवाद. त्यामुळे दोघांची बेरीज शंभर येत नाही आणि यायचं कारणही नाही.

फळ्यासाठी पुश्किनच्या १८२९ सालच्या आठ ओळींच्या कवितेतल्या पहिल्या दोन घ्या. देवनागरीत साधारण अशा :

या वास ल्युबील. ल्युबोफ यिश्चो, बीत मोझित,
व दुशे मयेय उगासला नि सव्स्येम

खर्डा : मी तुमच्यावर प्रेम-केलं; प्रेम अजून, कदाचित, / आत्म्यात माझ्या विझलं नाही पूर्णपणे.

भरीव शब्द सात : प्रेम करणे, प्रेम, अजून, कदाचित, आत्मा, विझणे, पूर्णपणे. ('प्रेम केलं' हे रशियनमध्ये एकच क्रियापद आहे, म्हणून एक.)

आता तपासायला म्हणून मुद्दाम रचलेला, मध्यम वकुबाचा पद्यानुवाद :

प्रेम तुम्हांवर केले होते. अजून बहुधा ते हृदयात
राखेखाली विस्तव तैसे जळते आहे ते दिनरात

तसेच राहिले : प्रेम करणे, अजून. म्हणजे २.
बदलले : प्रेम (त्याजागी 'ते'), कदाचित (बहुधा), आत्मा (हृदय), विझणे (जळणे). म्हणजे ४.
गळला : पूर्णपणे. म्हणजे १.

अनुवादाचे भरीव शब्द आठ : प्रेम करणे, अजून, बहुधा, हृदय, राख, विस्तव, जळणे, दिनरात. त्यांतली भर तीन : राख, विस्तव, दिनरात.

अचूकता २/७, म्हणजे २९ टक्के. मोकळीक ३/८, म्हणजे ३७.५ टक्के.

मराठीत मोजताना हमखास चुकतं ते असं. संयुक्त क्रियापद ('निघून गेला', 'करून टाकलं') एकच धरा, नाहीतर मराठी अनुवाद उगाच फुगलेला दिसतो. 'आहे' दोन्हीकडे सोडा : रशियनमध्ये वर्तमानकाळात हे क्रियापद वापरतच नाहीत, त्यामुळे ते अनुवादकाच्या माथी भर म्हणून मारणं अन्याय. 'हळूहळू', 'दिनरात' असे जोडशब्द एक. पण खर्ड्यातले दोन शब्द समासात एकत्र आले असतील तर दोन्ही राहिले असं धरा.

आणि सगळ्यांत मोठी चूक : खर्डा इंग्रजीवरून करणं. मराठीतलं पुष्कळ रशियन साहित्य इंग्रजीमार्गे आलंय. अशा अनुवादाचा इंग्रजीशी ताळा घेतलात तर मोजलं जातं इंग्रजीशी असलेलं इमान, पुश्किन बाजूलाच राहतो. मॉस्कोहून प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची जी मराठी पुस्तकं येत, ती जुन्या वाचनालयांच्या कपाटांत अजून सापडतात. ती हाती लागली तर शीर्षकपानामागे अनुवाद कुठल्या भाषेतून हे आधी बघा, मग मोजायला बसा.

---

भरतीओहोटी (अलिबाग)

मोजपट्टी, मांडणी झकास. पण 'विझणे' → 'जळणे' हे 'बदलला' मध्ये टाकलंत ते पटत नाही. पुश्किन म्हणतो, पुरतं विझलेलं नाही. म्हणजे धुगधुगी असेल-नसेल, आणि तेही 'कदाचित'. तुमच्या अनुवादात ते दिनरात जळतंय! हा समानार्थी शब्द नव्हे. 'विझणे' गळलं आणि 'जळणे' भर म्हणून आलं असं धरा. मग बदललेले ३, गळलेले २, आणि भर ४/८, म्हणजे मोकळीक सरळ ५० टक्के. अचूकता २९ वरच राहते.

एका शब्दाच्या निवाड्याने आकडा साडेबारा टक्क्यांनी उडाला. याचा अर्थ पद्धत फसवी असा नाही, नमुना तोकडा आहे. किमान शंभर भरीव शब्द घ्यावेत. पुश्किनसारख्या कवीच्या तीसेक ओळी झाल्या. दोघांनी वेगवेगळं मोजावं आणि जिथे फरक पडेल तेवढ्याच शब्दांवर भांडावं. व्याख्यानात मात्र दोनच ओळी ठेवा आणि हा 'जळणे'चा तंटा मुद्दाम श्रोत्यांत सोडून द्या. अनुवाद करणारी चार-पाच मंडळी आहेत म्हणता, ती पेटतीलच.

पद्धतीची एक आंधळी जागाही दाखवा. सर्वनामं मोजायची नाहीत हा नियम. पण या कवितेचा अर्धा जीव 'वास' या सर्वनामात आहे : 'तुमच्यावर', 'तुझ्यावर' नव्हे. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, म्हणून इंग्रजीवरून येणारा मराठी अनुवादक हमखास 'तुझ्यावर' लिहून मोकळा होतो. मराठीकडे अहो-जाहो आयतं असताना ते घालवायचं, आणि आकड्यात त्याचा मागमूस नाही. पद्धत वापरा, पण तिला काय दिसत नाही तेही फळ्यावर लिहा.

आता गास्पारोव यांचाच एक दुसरा विचार या दोन ओळींना लावतो : छंदाचं अर्थवलय. एखाद्या छंदात एक कविता फार गाजली की पुढे त्या छंदात लिहिणाऱ्याच्या मागे तिचे विषय लागतात. तारानोव्स्की यांनी १९६३ मध्ये याची सुरुवात केली. लेर्मोंतोवची १८४१ सालची, रात्री एकटाच रस्त्याला लागलेल्या माणसाची कविता पाच पदी ट्रोकी छंदात (आघाताच्या जागा १, ३, ५, ७, ९ या अक्षरांवर) आहे. नंतर रशियनमध्ये तो छंद आला की रस्ता, रात्र, निसर्ग, प्रेम, मृत्यू यांतलं काहीतरी येतंच. गास्पारोव यांनी असे अनेक छंद घेऊन विषयांच्या याद्या लावल्या.

मराठीत हे समजावायला एक मिनिट पुरे. भुजंगप्रयात म्हटलं की मनाचे श्लोक कानात वाजतात, त्यात प्रेमगीत लिहा, उपदेशच वाटेल. मंदाक्रांता म्हटलं की मेघदूत आणि विरह. आणि फटका तर नावासकट उपदेशाचा : ८+८+८+६ मात्रा.

आता वरच्या अनुवादाच्या मात्रा मोजा. 'प्रेम तुम्हांवर' ८, 'केले होते' ८, 'अजून बहुधा' ८, 'ते हृदयात' ७. दुसरी ओळही तशीच, ८+८+८+७. फटक्याहून एकच मात्रा जास्त. म्हणून तर पुश्किनचा तो दबलेला, अदबीचा आवाज मराठीत आल्यावर टाळ्या वाजवत चालल्यासारखा वाटतो. शब्द बदलण्याआधी चाल बदला.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

फारच उपयोगी. दोन उपप्रश्न. गास्पारोव स्वतः अनुवाद करताना कुठल्या बाजूचे, अचूकतेच्या की मोकळीकीच्या? आणि मराठी वृत्तांत मोजण्यासारखं नक्की काय आहे?

---

मोजपट्टी (मालवण)

पहिल्याचं उत्तर : ग्रंथ बघून बाजू ठरे. वागांतांची गाणी त्यांनी यमकांसकट, तालात केली, कारण गाण्यातून ताल काढला तर उरतं काय? पिंडार मुक्तछंदात. मुळाचा छंद इतका गुंतागुंतीचा की तो रशियनमध्ये आणला तरी कानाला कळणार नाही, मग त्यापायी शब्द का गमवा? आरिओस्तोचं काव्य ४६ सर्गांचं, आठ-आठ ओळींच्या यमकबद्ध कडव्यांचं. तेही मुक्तछंदात. यमक सोडलं की भर घालायची गरजच संपते, मोकळीकीचा आकडा खाली येतो. यमकासाठी 'दिनरात' आणावी लागते, मुक्तछंदात नाही लागत.

आणि मग २००३ सालचं 'प्रायोगिक अनुवाद' हे पुस्तक. त्यात त्यांनी लांब कविता चक्क आटवल्या, युरोपीय कवींच्याही आणि पुश्किनकाळातल्या रशियन कवींच्याही. पानभर कविता, हातात आठ-दहा ओळी. पुष्कळांना हे रुचलं नाही. पण त्यांचंच सूत्र लावून बघा : अशा आटवलेल्या अनुवादात मोकळीक शून्याच्या आसपास, कारण पदरचं काही घातलेलंच नाही. अचूकता मात्र तळाला, कारण भाजक खर्ड्याचा आणि खर्ड्यातलं बहुतेक टाकलेलं. म्हणूनच एक आकडा कधीच सांगायचा नाही, दोन्ही सांगायचे. नुसती अचूकता सांगितली तर आटवणारा आणि मनचं रचणारा एकाच रांगेत बसतात.

एक सूचना. हे आकडे म्हणजे गुणपत्रिका नव्हे. २९ टक्के म्हणजे नापास असं कुणीतरी म्हणेलच. तुलना करायची तर एकाच मुळाच्या दोन अनुवादांची, किंवा एकाच अनुवादकाच्या दोन कामांची. गद्याला पद्याशेजारी उभं करू नका.

---

तांबडा_सडा (रत्नागिरी)

वृत्तांचं सांगतो.

रशियनमध्ये मोजतात काय ते आधी बघा. 'येव्गेनी ओनेगिन' च्या पहिल्या दोन ओळी :

मोय द्याद्या सामिख चेस्निख प्राविल
कग्दा नि व शुत्कु जानिमोक

छंद चार पदी आयंब, म्हणजे आघाताच्या चार जागा, अक्षर २, ४, ६, ८ वर. पहिल्या ओळीत चारही भरल्या. दुसरीत तिसरी जागा (६ वं अक्षर) रिकामी, कारण 'जानिमोक' हा लांब शब्द आणि रशियन शब्दाला आघात एकच. या काव्यात चारही जागा भरलेल्या ओळी साधारण चौथा हिस्सा आणि नुसती तिसरी जागा रिकामी असलेल्या जवळपास निम्म्या. म्हणजे छंद एकच, पण कवी तो कसा रिकामा ठेवतो यावर लय ठरते. अठराव्या शतकात पहिली जागा दुसरीपेक्षा भक्कम असे, १८२० नंतर दुसरी पहिलीपेक्षा भक्कम झाली. नियम कुणी बदलला नव्हता, सवय बदलली. हे फक्त मोजूनच दिसतं.

मराठी अक्षरगणवृत्तात हीच मोजणी लावायला गेलात तर तोंडघशी पडाल. लघु-गुरूच्या जागा शंभर टक्के ठरलेल्या, त्यात चढउतार नाहीच. बदलतं ते एवढंच की शब्द कुठे संपतो. तेच मोजायचं.

भुजंगप्रयात घ्या : य गण (लघु-गुरू-गुरू) चार वेळा, १२ अक्षरं, गण संपतात ३, ६, ९, १२ वर.

मना सज्जना भक्तिपंथेचि जावे
तरी श्रीहरी पाविजेतो स्वभावे

पहिल्या ओळीत शब्द संपतात २, ५, १०, १२ वर. दुसरीत २, ५, ९, १२ वर. म्हणजे पहिल्या दोन ठिकाणी गण संपायच्या एक अक्षर आधीच शब्द संपतो. नवखा माणूस गणावरच शब्द तोडत जातो, ३-६-९-१२, आणि ओळ शिडीच्या पायऱ्यांसारखी वाजते. रामदासांच्या ओळी वाजत नाहीत, चालतात, त्याचं निदान एक कारण हे.

फळ्यावर बारा उभे रकाने आखा. श्रोत्यांना दहा श्लोक वाटून द्या, एका श्लोकाच्या चार ओळी, म्हणजे ४० ओळी. प्रत्येकाने शब्द संपतो त्या रकान्यात एक फुली मारायची. 'चि', 'च' असे चिकटून आलेले प्रत्यय आधीच्या शब्दातच धरायचे. जोडाक्षराने आधीचं अक्षर गुरू होतं पण जोडाक्षर स्वतः एकच अक्षर. 'सज्जना' त तीन अक्षरं, चार नव्हेत. इथे माणसं सर्रास चुकतात आणि मग फुल्या एका रकान्याने पुढे सरकतात. बाराव्या रकान्यात फुली पडली नाही तर ओळ चुकली असं समजून पुन्हा मोजायला लावा.

मात्रावृत्तात याहून सोपं : आठ मात्रांच्या सीमेवर शब्द तुटतो की ओलांडून जातो, एवढंच बघा.

---

भरतीओहोटी (अलिबाग)

वेळेचं गणित बघता दोन्ही कवायती ४५ मिनिटांत बसणार नाहीत. अनुवाद करणारे आहेत तर पुश्किन ठेवा, भुजंगप्रयात कागदावर घरी द्या.

आणि एक जोड राहिली. ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र रशियनमध्ये गास्पारोव यांनी १९७८ साली आणलं, मराठीत विंदा करंदीकरांनी १९५७ साली. विंदा सिंधुदुर्गातल्या धालवलचे. पुढे 'फाउस्ट'चा पहिला भाग आणि 'राजा लिअर'ही त्यांनी मराठीत आणले. दोघेही विद्वान, दोघांनाही पद्याचा कान, दोघांनीही एकच ग्रंथ निवडला. निकितीनपेक्षा हा धागा जास्त पक्का वाटतो मला, निकितीन बिचारा चौलला आला आणि गेला.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

विंदांचं पुस्तक आमच्याकडे आहे. त्यातलं काय दाखवू?

---

मोजपट्टी (मालवण)

शोकात्मिकेची व्याख्या येते तेवढंच पान. सहावं प्रकरण. त्यात 'कॅथार्सिस' हा शब्द आहे. रशियनमध्ये त्याला 'ओचिश्चेनिये' म्हणतात, म्हणजे स्वच्छ करणं, शुद्धी. मराठी समीक्षेत रुळलेला शब्द 'विरेचन', सरळ वैद्याच्या पंचकर्मातून उचललेला. एका ग्रीक शब्दाचे दोन अर्थ, शुद्धी आणि पोट साफ करणं, दोन भाषांनी वाटून घेतले. विंदांनी त्या जागी काय लिहिलंय ते श्रोत्यांकडूनच वाचून घ्या.

हे गद्य आहे, त्यामुळे मोजणी इथे नको. त्या एका वाक्याचा कागद आधी वाटून ठेवा आणि फळ्याचा डावा अर्धा भाग पुश्किनसाठी राखा. खर्डा आणि अनुवाद एकाखाली एक नको, शेजारी शेजारी लिहा, नाहीतर खुणा करायला जागा उरत नाही.